मदरबोर्ड गेला म्हणजे काय झालें?

आषाढाचा पाऊस लागला म्हणजे वेल्ह्याच्या खोऱ्यांत तोरण्याचा माथा कित्येक दिवस दृष्टीस पडत नाहीं. भिंतींस ओल धरते, काडेपेटीची काडी पेटत नाहीं, वह्यांचीं पानें मऊ पडतात आणि दिव्यांचें येणेंजाणें चालूंच असतें. अशा दिवसांत एखाद्या सकाळीं घरांतील लॅपटॉप सुरू करावयास जावें, तों दिवा लागत नाहीं, पंखा फिरत नाहीं, पडदा काळाचा काळाच राहतो. घरीं लॅपटॉप एकच. त्यांतच थोरल्या मुलीचा महाविद्यालयाचा प्रकल्प, वडिलांचे दुधाचे हिशेब आणि आजोबांचीं शेवटचीं छायाचित्रें. तो पुण्यास न्यावयाचा म्हणजे नसरापूरवरून किंवा पाबे घाटांतून ५० हून अधिक किलोमीटरांचा प्रवास आणि एक दिवसाचा रोजगार बुडालेला. इतकें करून दुकानांत बहुधा दोनच शब्द ऐकावयास मिळतात : "मदरबोर्ड गेला."

हे दोन शब्द ऐकून पुष्कळ पालक मान खालीं घालून परत फिरतात. कारण संपूर्ण मदरबोर्ड बदलावयाचा म्हटलें तर खर्च कित्येकदां जुन्या लॅपटॉपच्या किंमतीएवढा होतो. परंतु विचार करून पाहिलें तर ह्या शब्दांत निदान मुळींच नाहीं. रोगी वैद्याकडे न्यावा आणि वैद्यानें "शरीर बिघडलें" एवढेंच सांगावें, तशांतला हा प्रकार होय. कोणता भाग, कोणत्या कारणानें आणि कोठें थांबला, हें कळल्यावांचून निदान झालें असें म्हणतां येत नाहीं. हें निदान कोणत्या क्रमानें करतात, दुरुस्ती कोठपर्यंत शक्य असते आणि कोठें थांबणें शहाणपणाचें ठरतें, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

मदरबोर्ड म्हणजे कांचतंतूंच्या कापडावर राळ चढवून केलेली एक पातळ पाटी. तिच्या पोटांत तांब्याचे अनेक थर एकावर एक बसविलेले असतात आणि त्यांतून केसासारख्या बारीक वाटा गेलेल्या असतात. पाटीच्या पृष्ठभागावर प्रोसेसर, मेमरी, विजेचा दाब उतरविणाऱ्या आयसी, काळीं चौकोनी वेटोळीं आणि तांदळाच्या कणीएवढे, कधीं राईएवढे, शेंकडों कपॅसिटर बसविलेले असतात. प्रोसेसर आज्ञा पाळतो आणि मेमरी लक्षांत ठेवते, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु पाटीवरील पुष्कळसे भाग ह्यांपैकीं कांहींच करीत नाहींत. योग्य त्या दाबाची वीज योग्य त्या ठिकाणीं पोहोंचविणें एवढेंच त्यांचें काम. बिघाडही बहुधा ह्याच मंडळींत होतो.

हा वीजपुरवठा कसा चालतो हें समजण्यास आपल्याच मुलखांतील एक उदाहरण घेऊं. डोंगरापलीकडे आंबी नदीवर पानशेतचें आणि मोसे नदीवर वरसगांवचें धरण आहे. त्यांचें पाणी खालीं खडकवासल्याच्या जलाशयांत उतरतें. तेथून तें पुणें शहरास जातें आणि कालव्यानें दौंड-इंदापुराकडील शेतांसही मिळतें. आतां पुण्यांतील एखाद्या घरच्या नळास पाणी आलें नाहीं, तर "धरण गेलें" असें कोणी म्हणत नाहीं. प्रथम घराची तोटी पाहतात, मग गल्लींतील नळ, मग टाकी. पाणी जेथवर आलें आहे आणि जेथून पुढें आलें नाहीं, त्या दोहोंच्या मध्यें दोष असला पाहिजे, हें साधें तर्कशास्त्र होय.

लॅपटॉपची गोष्ट अगदीं अशीच आहे. चार्जर हें वरचें धरण. त्याचा दाब बहुधा १९ किंवा २० व्होल्ट असतो. पाटीच्या तोंडाशीं पहारेकऱ्यासारखे बसलेले मॉस्फेट त्याची वाट उघडतात आणि तो दाब मुख्य कालव्यांत येतो. तेथून त्याचे फांटे फुटतात. प्रथम ५ आणि ३.३ व्होल्टांचे दोन फांटे. लॅपटॉप बंद असतांही हे सामान्यतः जागे असतात. मग मेमरीचा फांटा. डीडीआर-४ जातीच्या मेमरीस १.२ व्होल्ट लागतात. अखेरीस प्रोसेसरचा फांटा, सुमारें १ व्होल्टाचा. हे फांटे ठराविक क्रमानेंच उघडतात. एक नीट वाहूं लागल्याची खूण मिळाल्यावांचून पुढचा उघडत नाहीं. ह्या सर्वांवर देखरेख करणारी एक लहान चिप असते. आपण कळ दाबतों ती वर्दी बहुधा प्रथम ह्या चिपकडे जाते आणि मग तीच पुढील मंडळींस उठविते.

ही उपमा आणखी एक पाऊल पुढें नेतां येते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि त्या लोंढ्यापुढें त्याच दिवशीं खडकवासल्याचें धरणही टिकलें नाहीं. पुण्याच्या पेठांत तेव्हां केवढा हाहाकार झाला, तें वडीलधारी मंडळी अजून सांगतात. लॅपटॉपमध्येंही १९ व्होल्ट अडवून धरणारा मॉस्फेट आरपार जळला, तर वरचा सगळा दाब १ व्होल्टाच्या फांट्यांत लोटतो आणि प्रोसेसर क्षणांत नष्ट होऊं शकतो. म्हणून कोणता भाग जळला इतकेंच पाहून भागत नाहीं. त्याच्या खालीं काय होतें, हेंही पाहावें लागतें.

आतां प्रत्यक्ष निदानाकडे वळूं. पहिला नियम असा कीं, पाटीस हात लावण्यापूर्वीं पाटीबाहेरचे साक्षीदार तपासावे. चार्जरच्या टोकाशीं मल्टिमीटर लावून त्यावर छापलेला दाब मिळतो कीं नाहीं तें पाहावें. टाइप-सी चार्जरची रीत मात्र निराळी आहे. यंत्राशीं बोलणी झाल्यावांचून तो पूर्ण दाब सोडीतच नाहीं. त्यासाठीं मध्यें लावावयाचा लहान यूएसबी मीटर मिळतो. त्यावरील आंकडा ५ वरच अडकून राहिला, तर बोलणी फिसकटलीं असें समजावें. मग दुसरा चार्जर आणि दुसरी तार लावून दोष कोणाचा हें ठरवितां येतें. पुढें चार्जर काढून कळ सुमारें ३० सेकंद दाबून धरावी. देखरेख करणारी चिप कधीं कधीं गोंधळून बसलेली असते, ती एवढ्यानें भानावर येते.

पंखा फिरतो परंतु पडदा काळा, अशी स्थिति असेल तर अंधारांत पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकावा. पुसट चित्र दिसलें तर यंत्र जिवंत आहे, पडद्यामागचा उजेड तेवढा गेला आहे. टीव्हीस तार जोडून चित्र येतें का, कॅप्स लॉकची कळ दाबतांच तिचा दिवा लागतो का, हेंही पाहावें. मेमरीची पट्टी काढतां येण्याजोगी असेल तर बॅटरीची जोडणी सोडवून ती काढावी, तिचीं टोकें हलक्या हातानें पुसावीं आणि ती पुन्हां बसवावी. ओलसर हवेंत टोकांवर चढलेलें पुट एवढ्यानेंही निघतें. कांहीं लॅपटॉप तर आपला रोग आपणच सांगतात : दिवा ठराविक वेळां लुकलुकतो, आणि त्या लुकलुकीचा अर्थ कंपनीच्या माहितीपुस्तकांत दिलेला असतो. ह्या परीक्षांस अर्धा तास पुरतो, आणि "गेलेला" म्हटलेला मदरबोर्ड निर्दोष आहे असें त्यांत कित्येकदां ठरतें.

एवढ्यानें उलगडा न झाला तर झांकण उघडावें लागतें. हें काम मुलांनीं एकट्यानें करूं नये. जाणत्या माणसाच्या शेजारीं बसून पाहावें. आंत हात घालण्यापूर्वीं बॅटरीची जोडणी सोडविणें हें पहिलें काम, कारण चार्जर काढला तरी बॅटरी पाटीस वीज पुरवीतच असते. बॅटरी फुगलेली दिसली तर पुढें जाऊंच नये. ती टोंचली गेल्यास पेट घेते. मोजमापापूर्वीं डोळ्यांनीं आणि नाकानें परीक्षा करावी. जळका वास, काळा डाग, फुटलेली आयसी, किंवा कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्यावर येतो तसला हिरवट गंज, ह्या खुणा भिंगांतून पाहिल्यास पुष्कळदां रोगाची जागाच दाखवितात.

हा गंज कसा चढतो, तें आपल्या पावसाळी मुलखांत विशेष जाणून घेण्यासारखें आहे. ओल, तींत विरघळलेले क्षार आणि विजेचा दाब हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे पाटीवर रसायनशाळेंतील विद्युद्विश्लेषणाचा प्रयोगच सुरू होतो. धन बाजूचें तांबें झिजतें आणि त्याचे क्षार शेजारच्या भागांवर जमतात. चहा सांडला म्हणजे हेंच घडतें, केवळ अधिक वेगानें. म्हणजे नुकसान एकट्या पाण्यानें होत नाहीं. पाणी असतांना वीज चालूं राहिल्यानें तें कितीतरी वाढतें. ह्यावरून उपाय आपोआप सुचतो. चहा सांडतांच लॅपटॉप तत्काळ बंद करावा, चार्जर काढावा, शक्य तितक्या लवकर बॅटरी सोडवून घ्यावी, आणि "चालतो का पाहूं" म्हणून कळ दाबण्याचा मोह टाळावा. तांदळाच्या डब्यांत यंत्र पुरून ठेवण्याची चाल आहे, परंतु तांदूळ क्षार शोषून घेत नाहीं. पाणी वाळलें तरी क्षार जागच्या जागींच राहतात. पाटी बाहेर काढून, ९९ टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलानें मऊ ब्रशानें धुणें हाच खरा उपाय. हा द्रव चटकन् पेट घेतो, म्हणून जवळ ज्योत किंवा ठिणगी असूं नये.

डोळ्यांस कांहीं न दिसलें तर मल्टिमीटर पुढें येतो. प्रथम वीज न लावतां मुख्य कालवा आणि जमीन म्हणजे ऋण बाजू ह्यांमधील रोध मोजतात. निरोगी पाटींत हा रोध हजारों ओहमांचा असतो. तो शून्याजवळ आला, तर कालव्यास भगदाड पडून सगळी वीज जमिनींत जात आहे, म्हणजे शॉर्ट आहे, असें समजतात. येथें नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. प्रोसेसरच्या फांट्याचा रोध मुळांतच फार थोडा, कित्येकदां कांहीं ओहम किंवा त्याहूनही कमी, असतो. तो पाहून "प्रोसेसर शॉर्ट झाला" असा निवाडा करणें म्हणजे निरोग्यास रोगी ठरविणें होय. त्याच जातीच्या चांगल्या पाटीवर काय आंकडा येतो, हें ठाऊक असल्यावांचून निवाडा देऊं नये.

मुख्य कालवा शॉर्ट असल्यास अपराधी पुष्कळदां एखादा राईएवढा चिनीमातीचा कपॅसिटर असतो. त्याच्या पोटांत धातूचे अनेक पातळ पापुद्रे असतात. लॅपटॉप पडला, दबला किंवा पाटी वांकली कीं त्यांत सूक्ष्म चीर जाते आणि पापुद्रे एकमेकांस भिडतात. अशा शेजाऱ्यांत अपराधी कोण, हें ओळखण्याची युक्ति मोठी मौजेची आहे. पाटीवर अल्कोहोलाचा पातळ थर देऊन त्या फांट्यांत अगदीं अल्प दाबाची, सुमारें १ व्होल्टाची, आणि प्रवाहास मर्यादा घातलेली वीज सोडतात. सगळी वीज दोषी कपॅसिटरांतून धांवते, तो तापतो, आणि पाटीवर इतरत्र ओल असतांना त्याच ठिकाणचा अल्कोहोल प्रथम वाळतो. अपराधी आपण होऊन पुढें येतो! सोडलेला दाब त्या फांट्याच्या नेहमींच्या दाबाहून कधींही अधिक असूं नये, ही मात्र लक्ष्मणरेषा होय. कपॅसिटर काढून त्या जागीं त्याच मापाचा नवा बसविला म्हणजे पाटी उठते. भागाची किंमत कांहीं रुपये; मोल असतें तें तो शोधून काढण्याच्या विद्येचें.

शॉर्ट नसेल, तर वीज लावून एकेक फांटा क्रमानें मोजीत जावें. १९ व्होल्ट तोंडाशीं आहेत पण मुख्य कालव्यांत नाहींत, तर पहारेकरी मॉस्फेट किंवा त्यांस हुकूम देणारी आयसी संशयित. मुख्य कालवा भरला आहे पण ५ किंवा ३.३ व्होल्ट नाहींत, तर ते दाब उतरविणारी आयसी. तेही आहेत पण कळ दाबून प्रतिसाद नाहीं, तर देखरेख करणारी चिप, किंवा तिच्यापर्यंत वर्दी नेणारी कळ आणि तिची तार. सर्व फांटे वाहतात पण चित्र येत नाहीं, तर मेमरी किंवा बायोसची चिप. यंत्रानें उठतांच काय काय करावें, त्याची आज्ञापत्रिका बायोसच्या चिपवर लिहिलेली असते. ती बिघडल्यास पुन्हां लिहितां येते. परंतु त्याच चिपवर त्या लॅपटॉपचा अनुक्रमांक व इतर खासगी खुणाही असूं शकतात. म्हणून जुन्या मजकुराची प्रत काढून ठेवल्यावांचून चांगला कारागीर नवीन लेखन करीत नाहीं.

येथें एका अघोरी उपायाविषयीं सावध करणें अवश्य आहे. पाटी भट्टींत तापविली किंवा चिपवर गरम हवा सोडली कीं लॅपटॉप सुरू होतो, असें कित्येक सांगतात. ह्याला थोडा इतिहास आहे. विजेच्या उपकरणांतील शिशावर युरोपांत १ जुलै २००६ पासून निर्बंध आला. कथील-शिशाचें जुनें डांक १८३ अंश सेल्सिअसला वितळे. त्याच्या जागीं आलेलें कथील, चांदी व तांबें ह्यांचें डांक सुमारें २१७ अंशांस वितळतें. त्या सुमाराच्या अनेक लॅपटॉपांतील चित्र काढणाऱ्या चिपा लवकर मरूं लागल्या, आणि जुलै २००८ मध्यें एनव्हिडिया ह्या अमेरिकन कंपनीनें अशा चिपांच्या भरपाईसाठीं १५ ते २० कोटी डॉलर बाजूस ठेवीत असल्याचें जाहीर केलें. सर्वांनीं दोष पाटीवरील डांकास दिला; परंतु कंपनीनेंच चिपच्या आंतील बांधणीच्या साहित्यांत दुबळेपणा असल्याचें सांगितलें होतें. उष्णतेनें आंतली तुटलेली जोड क्षणभर भिडते, लॅपटॉप कांहीं दिवस चालतो आणि पुन्हां झोपतो. दरम्यान प्लास्टिकच्या जोडण्या व शेजारचे कपॅसिटर भाजून निघतात. तापविणें हा रोगाचा उपाय नव्हे.

मग थांबावें कोठें? गंज प्रोसेसरच्या पोटाखालीं शिरला असेल, आंतील थरांतील वाटा जळल्या असतील, किंवा वरचा दाब खालीं लोटून प्रोसेसरच गेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि भरंवसा ह्यांचा मेळ बसत नाहीं. अशा वेळीं "आतां पुरे" असें स्पष्ट सांगणारा कारागीर प्रामाणिक समजावा. परंतु तेथेंही सर्व संपलें असें नाहीं. मुलीचा प्रकल्प आणि आजोबांचीं छायाचित्रें मदरबोर्डांत नसतात. तीं एसएसडी नांवाच्या पट्टींत असतात. बहुसंख्य लॅपटॉपांत ही पट्टी एका स्क्रूवर बसविलेली असते. ती काढून लहानशा डबींत घालून दुसऱ्या संगणकास जोडली कीं मजकूर वाचतां येतो. मजकूर कुलूपबंद असेल तर त्याची किल्ली, म्हणजे बिटलॉकरची संख्या, मात्र जवळ असावी लागते. ती विंडोजच्या खात्यांत सांपडण्याचा संभव असतो, म्हणून लॅपटॉप चांगला असतांनाच ती शोधून कागदावर उतरून ठेवावी. कांहीं नव्या लॅपटॉपांत तर सांठवणच पाटीवर डांक लावून पक्की केलेली असते. तेथें पाटी जिवंत केल्यावांचून मजकूर मिळत नाहीं. अशा घरांत दर आठवड्यास दुसरीकडे एक प्रत काढून ठेवणें, हाच एक तरणोपाय.

पालकांनीं दुकानांत लॅपटॉप देतांना चार प्रश्न विचारावे. वीज कोठवर येते आणि कोठें थांबते? कोणता भाग बदलणार? काढलेला जुना भाग परत मिळेल का? पट्टींतील मजकुरास हात न लावतां काम होईल का? ज्यानें खरेंच तपासलें आहे, त्यास हे प्रश्न जड जात नाहींत. पुण्याच्या बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मल्टिमीटर आणि डांक लावण्याचें साहित्य मिळतें. ज्या विद्यार्थ्यांस ही विद्या शिकावयाची असेल त्यांनीं एक साधा मल्टिमीटर आणि एखादी टाकाऊ पाटी घेऊन आरंभ करावा. चालत्या यंत्रावर पहिला हात चालवूं नये. दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे, हा विचारही आपल्या देशांत रुजूं लागला आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजीं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें 'राइट टु रिपेअर' नांवाचें संकेतस्थळ त्याच हेतूनें सुरू केलें. आणि पाटी खरोखरच मेली असेल, तर ती उकिरड्यावर टाकूं नये आणि तांब्याच्या लोभानें जाळूंही नये. तिच्या धुरांत विषारी द्रव्यें असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणें ती अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जावयास हवी.

शेवटीं, हा प्रसंगच येऊं नये म्हणून पावसाळ्यांत थोडी दक्षता घ्यावी. मेघगर्जना सुरू होतांच चार्जर भिंतींतून काढावा. गेलेले दिवे परत येतांच लगेच चार्जर लावूं नये; पांच मिनिटें थांबावें. प्लगची तिसरी पीन तोडूं नये आणि घरच्या अर्थिंगची जोडणी तारतंत्र्याकडून तपासून घ्यावी. लॅपटॉप गोधडीवर ठेवून चालवूं नये, कारण त्याच्या श्वासाच्या खिडक्या खालीं असतात. एस्टींतून नेतांना तो प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळावा, आणि भिजल्यासारखा वाटला तर उघडून वाळल्यावांचून कळ दाबूं नये.

विद्यार्थिमित्रहो, पुढें कधीं तुमच्या कानांवर "मदरबोर्ड गेला" हे शब्द पडले, तर घाबरूं नका आणि रागावूंही नका. नम्रपणें एवढेंच विचारा, "वीज कोठवर आली आहे?" उत्तर मिळालें तर दुरुस्तीची वाट सांपडली, न मिळालें तर तपासणी अजून व्हावयाची आहे, असें समजा.